देवीला पूल कशाला

आबा चांदेलकरांच्या वर्षश्राद्धाला स्मृतिग्रंथ निघतो आहे. "मास्तर, तुम्ही त्यांना जवळून पाहिलंत, चार पानं तुमची हवीतच," असा निरोप त्यांच्या पुतण्याने पाठवला. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आबांविषयी चांगलं चांगलं लिहायचं काम मी आयुष्यात भरपूर केलंय. ते सगळं त्यांनीच व्यासपीठावरून वाचून दाखवलं आणि टाळ्या घेतल्या. आता लिहितो आहे ते त्या ग्रंथात जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिथे गुळगुळीत कागद असेल, रंगीत फोटो असतील, दिल्लीहून आलेले शोकसंदेश असतील. आमच्या बेटावरचा चिखल तिथे कोणाला हवा आहे?

मी त्यांना अहो-जाहो करणार आहे. ती जिभेची सवय आहे, आदर समजू नये.

मी कोरगावच्या शाळेत मराठी शिकवत होतो. आबा पेडण्याचे, आधी आमदार आणि मग कितीतरी वर्षं खासदार. त्यांची मराठी भाषणं मी लिहून द्यायचो. दिल्लीत ते हिंदीत बोलत, घरात आणि बाजारात कोंकणीत, पण जत्रेच्या नाटकाचं उद्घाटन, शाळेचं स्नेहसंमेलन, पुण्यतिथी, सत्कार हे सगळं आमच्याकडे मराठीत चालतं, आणि आबांना दोन वाक्यांपुढे मराठी सुधरत नसे. म्हणून मी. पेडण्याच्या त्यांच्या कचेरीत कोपऱ्यात एक मेज मला दिलेलं होतं. तिथे बसून मी पुष्कळ पाहिलं.

माणूस ठेंगणा, रुंद, पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन. केसांचं एक विशेष होतं. अधिवेशन जवळ आलं की ते काळे कुळकुळीत व्हायचे, कारण दिल्लीत तरुण दिसावं लागतं. जत्रांचे दिवस आले की मुळाशी पांढरे होऊ दिलेले असायचे, कारण इथे वडीलधारं दिसावं लागतं. त्यांच्याजवळ दोन फोन. दिल्लीचा वाजला की आबा उठून उभे राहत, पायात चपला सरकवत आणि मगच "जी" म्हणत. इथला वाजला की पाय मेजावर. समोर बसलेल्या माणसाला कोणाचा फोन आहे हे विचारावं लागत नसे.

आणि स्मरणशक्ती. तुम्ही आयुष्यात एकदाच त्यांना भेटला असाल, तरी तुमच्या बायकोचं माहेर त्यांना आठवायचं. "तुजो मांव पार्सेचो न्हय? ताचें पायाचें कशें आसा?" सासऱ्याच्या पायाची चौकशी झाली की माणूस गारद. पण ही स्मरणशक्ती एकाच कामाची नव्हती. कोणी कधी पाठ फिरवली, कोणत्या लग्नात कोणी हात जोडले नाहीत, कुठल्या सभेत मागच्या बाकावर बसून कोण हसला, हेही तिथेच जमा होत असे. "आबा विसरना," असं ते स्वतःच म्हणत आणि हसत. ऐकणाराही हसत असे, पण जरा वेळाने.

त्यांच्या परसात मानकुरादाची जुनी कलमं होती. वैशाखात त्या आंब्यांच्या पेंढा घातलेल्या पाट्या दिल्लीला जात. कोणाच्या बंगल्यावर कुठली पाटी जायची हे आबा स्वतः ठरवत, आणि दिल्लीवाले त्याला गोव्याचा प्रसाद म्हणत. तशाच पाट्या अधूनमधून इथेही कोणाकोणाकडे जात. डिचोलीकडच्या एका सरपंचाने एका समारंभात आबांची खुर्ची दुसऱ्या रांगेत ठेवली होती. आबा तिथे आनंदाने बसले, भाषण केलं, सरपंचाच्या आईची तब्येत विचारली. मे महिन्यात त्याच्याकडे पाटी आली. सरपंच हरखला, आळीभर आंबे वाटले. ते संपायच्या आत त्याच्यावर अविश्वासाचा ठराव आला आणि त्याचेच दोन पंच उलटले.

ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या वर्षी एका इंजिनिअरच्या दारात पाटी पोचली. त्याच्या बायकोने ती घरात घेतलीच नाही. आंबे ओसरीवर पिकले, कुजले, त्यावर माश्या बसल्या, पण कोणी हात लावला नाही. इंजिनिअरची बदली काणकोणला झाली, म्हणजे गोव्याच्या थेट दुसऱ्या टोकाला. तेव्हापासून आमच्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत लोक आबांच्या घरचा आंबा दिसला की आधी आपण कुठे काय बोललो ते आठवू लागत.

आता कोणी म्हणेल, मास्तर एकाच बाजूने लिहितात. तर दुसरी बाजूही लिहितो, कारण तिच्याशिवाय माझा राग कळायचा नाही.

खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोलीत ट्रक ओळीने उभे राहिले. चालवणारे बरेचसे सिंधुदुर्गातले, ते आपापल्या गावी निघून गेले. चाकांभोवती गवत वाढलं. ट्रकवाल्यांनी मयेच्या तळ्याकाठी सभा बोलावली आणि आबांना शिव्या घालायची तयारी करून ठेवली. आबा आले ते गाडीतून उतरून सरळ एका ट्रकच्या पायरीवर बसले. कोणीतरी आणलेली पातळभाजी पावाबरोबर खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाले, "गाळी मागीर घालात. आदीं सांगा, कितले ट्रक चलतात आनी कितले फकत उबे आसात?" तासाभराने शिव्या विसरून लोक त्यांना ट्रकांची दुखणी सांगत होते. दिल्लीत त्यांच्या पक्षाचं म्हणणं वेगळं होतं. सभागृहात आबा त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. पण बाहेर कोणाकोणाच्या पायऱ्या झिजवून महामार्गाच्या भरावाचं काम त्यांनी या ट्रकांना मिळवून दिलं. ट्रक हलले. हे त्यांनी केलं आणि चांगलं केलं.

मोरजीचंही तसंच. दिल्लीत समुद्री कासवांवर चर्चा होती. मी लिहून दिलं होतं, कासव ही आमची माहेरवाशीण आहे, बाळंतपणाला माहेरी येते. आबांनी त्याचं हिंदी करून घेतलं. म्हणतात की समोरच्या बाकावर एकदोघांनी डोळे पुसले. नंतरच्या आठवड्यात मोरजीच्या वेळेवर, म्हणजे किनाऱ्यावर, होडीवाल्यांनी त्यांना घेरलं. कासवांसाठी किनारा बंद झाला तर होड्या कुठे ओढायच्या, हा त्यांचा प्रश्न. आबा वाळूत मांडी घालून बसले. "कासव वर्सांतल्यान एकदां येता, अंडीं घालता आनी वता. तुमी सदांच हांगा. मत कोणाक आसा, कासवाक काय तुमकां?" होडीवाले हसले. कासवांना कुंपण मिळालं, होड्यांना कुंपणापलीकडे जागा मिळाली. दिल्लीही खूश आणि मोरजीही. हे गणित फार थोड्यांना जमतं. आबांना झोपेतही जमत होतं.

म्हणूनच सांगतो, आमच्या जुव्याला पूल मिळाला नाही तो जमला नाही म्हणून नव्हे.

तेरेखोलच्या खाडीत, कोरगावच्या शेतांसमोर, आमचं जुवें आहे. म्हणजे बेट. त्याला दुसरं नाव नाही. माडांची राई, थोडी मिठागरं, मूठभर घरं आणि मधोमध सातेरीचं देऊळ. भरतीला होडी चालते. ओहोटीला पाणी निघून जातं आणि कोरगावच्या काठापर्यंत नुसता काळा चिखल उरतो. त्या चिखलातून एक वाट आहे, खालून जरा घट्ट, पण ती जुव्यावर जन्मलेल्यालाच पायाने कळते. परका माणूस चार पावलांत मांडीपर्यंत जातो. मी तिथेच जन्मलो, अजून तिथेच राहतो, आणि शाळेला कैकदा चिखलाच्या पायांनी गेलो आहे.

आमच्या सातेरीचा कौल सगळ्या पेडण्यात मानतात. पाषाणावर ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट पाहायची. उजवीकडची पाकळी पडली तर देवी हो म्हणाली, डावीकडची पडली तर नको म्हणाली. एकदा प्रश्न घातला की पाकळी पडेपर्यंत विचारणाऱ्याने उठायचं नाही, आणि देवीच्या पायाशी ठेवलेली वस्तू उचलायची नाही.

आबा पहिल्यांदा विधानसभेला उभे राहिले तेव्हा कौलाला आले होते. आमचा गुरव वासू, त्याचा बाप तेव्हा पूजेला असे. देऊळ भरलेलं होतं. पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं संपतं न संपतं तोच डावी पडली. म्हातारा सरळ माणूस, त्याला गोलगोल बोलता येत नव्हतं. तो मोठ्याने म्हणाला, "देवी नाका म्हणटा." आबा हसले, नारळ वाढवला, सगळ्यांना नमस्कार केला. पण ती बातमी होडीतून त्यांच्या आधी कोरगावला पोचली. "देवीन नाका म्हळां" असं लोक एकमेकांना सांगत मतदानाला गेले आणि आबा पडले.

माणूस माणसावर डूख धरतो, हे मी पाहिलं आहे. आबांनी देवीवर धरला.

पुढच्या खेपेला ते कौल न घेताच उभे राहिले आणि निवडून आले. मग दिल्लीला गेले. मला त्यांनी भाषणांसाठी बोलावलं तेव्हा मी एकाच आशेने गेलो, की जवळ राहिलो तर कधीतरी पुलाचं काढता येईल. आणि योग असा, की दिल्लीत त्यांची वर्णी रस्ते आणि पुलांच्या समितीवर लागली. आबा देशभर पूल पाहत हिंडू लागले. डोंगरातले, वाळवंटातले, नाव घेताना जीभ अडखळेल अशा नद्यांवरचे. मी एक वाक्य लिहून दिलं होतं: पूल दोन काठ जोडत नाही, दोन काठांवरची माणसं जोडतो. आबांना ते फार आवडलं. किती नद्यांवर त्यांनी ते म्हटलं असेल कोण जाणे. ते वाक्य मी जुव्यावर, ओहोटीच्या वेळी, होडीची वाट पाहताना सुचलं म्हणून लिहिलं होतं.

एकदा पूल मंजूरही झाला. मोजणीवाले आले, आमच्या काठावर लाल रंगाच्या खुंट्या ठोकून गेले. बायकांनी त्या खुंट्यांना हळदकुंकू लावलं. वासूची बायको वनिता तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, "ही आमची खुंटी, हांगाच्यान पूल वतलो." वनिता म्हणजे आमच्या जुव्याचा भोंगा. घसा असा की ती देवळात वासूला हाक मारायची आणि कोरगावच्या शेतातली माणसं मान वर करायची. देवीचे हार तीच करी, आणि हार करता करता सगळ्या जुव्याची उणीदुणी काढी. एके सकाळी खुंट्या उपटलेल्या दिसल्या. पूल वरच्या अंगाला हलला, जिथे दोन्ही काठांना काजूची रानं आहेत आणि माणूस औषधालाही नाही.

मी कचेरीत गेलो. आबा पाय मेजावर टाकून बसले होते. मी विचारलं, असं का केलंत. त्यांना राग आला नाही. त्यांना फार दिवसांनी कोणीतरी योग्य प्रश्न विचारल्यासारखा आनंद झाला.

"देवीक पूल कित्याक, मास्तर?" ते म्हणाले. "देवी खंय भायर वता?"

मी म्हटलं, "आबा, तिथे माणसं राहतात."

"माणसांनी तेन्ना देवीचें आयकलें न्हय? आतांय तिकाच सांगूं दी." आणि लगेच म्हणाले, "उद्घाटनाचें भाशण बरोवन दी."

मी भाषण लिहून दिलं नाही. त्यांनी जुनंच वाचलं. काजूच्या झाडांना ऐकवलं की पूल दोन काठांवरची माणसं जोडतो.

त्यानंतरच्या पावसाळ्यानंतर वनिताला घोणस चावली. मिठागराच्या बांधावर गवत कापत होती. सकाळची वेळ, ओहोटी लागलेली. वासूने तिला काठावर आणलं, कोरगावच्या बाजूला फोन केला, आणि रुग्णवाहिका आलीसुद्धा. समोर उभी होती, वरचा दिवा फिरत होता, आम्हाला दिसत होता. मध्ये चिखल. पाणी यायला अजून अवकाश होता. वनिता खुर्चीवर बसून पायाकडे पाहत होती. एवढी बोलणारी बाई, पण काही बोलत नव्हती. पायाची सूज गुडघ्यावर चढली तेव्हा वासू म्हणाला, आता थांबायचं नाही. चौघांनी तिला खुर्चीसकट उचललं आणि चिखलात उतरले. ओझं घेऊन त्या वाटेने चालणं सोपं नसतं, एकाचा पाय गेला की चौघं थांबायचे. अर्ध्या वाटेवर ती गेली. रुग्णवाहिकेची माणसं काठावर उभी राहून हाक मारत होती, आणि खुर्ची खाली ठेवायलाही जागा नव्हती.

आबा तेव्हा कुठल्याशा दूरच्या राज्यात पूल पाहायला गेले होते. तिसऱ्या दिवशी त्यांचा वासूला फोन आला. मी शेजारी होतो. वासूने फोन कानापासून जरा दूर धरला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"वासू, आयकून वायट दिसलें. कितें करतलो? देवीची इत्सा."

वासूने फोन बंद केला आणि अंगणात जाऊन वनिताने अर्धवट ठेवलेल्या हाराची फुलं सोडवत बसला. मी त्या दिवसापासून आबांना एक ओळ लिहून दिली नाही. त्यांनी दुसरा मास्तर पाहिला. आंब्यांची पाटी मात्र मला आली नाही. मला ते त्या लायकीचाही समजत नसावेत, असं वाटून तेव्हा उलट अपमान झाला होता, तो आठवला की आता हसू येतं.

मग एका निवडणुकीला पक्षाने त्यांचं तिकीट कापलं. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी कापलं, म्हणजे दुसरीकडे कुठे जायला सवड उरू नये. ज्यांनी वर्षानुवर्षं मानकुराद खाल्ले त्यांनीच कापलं. आबांनी अपक्ष उभं राहायचं ठरवलं. पण पक्षाचं चिन्ह गेल्यावर पेडण्यातले त्यांचे जुने कार्यकर्तेही बिचकले. त्यांनी एकच अट घातली. अपक्ष उभे राहणार असाल तर सातेरीचा कौल घेऊन या. नाहीतर गावागावांत लोक पुन्हा तेच म्हणतील, देवीन नाका म्हळां.

म्हणून त्या सकाळी, भरतीचं पाणी काठोकाठ असताना, आबा इतक्या वर्षांनी जुव्यावर उतरले. दोन्ही गुडघे बदललेले, हाताला धरून उतरवावं लागलं. बरोबर दोघे कार्यकर्ते आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तयार असलेला अर्ज. पणजीच्या कचेरीत दुपारी तीनला खिडकी बंद होणार होती. कौल घ्यायचा, तसंच होडीत बसायचं, पलीकडे गाडी उभीच होती. वेळ भरपूर होता.

मी देवळाच्या ओट्यावर बसलो होतो. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि "मास्तर, बरे मरे?" म्हणाले. मी मान हलवली आणि त्यांच्यामागून आत गेलो.

वासू आंघोळ करून ओल्या पंचाने आला. त्याने आबांना पाट दिला. "अर्ज देवीच्या पायांकडेन दवरा," म्हणाला. आबांनी ठेवला. मग वासूने गाऱ्हाणं सुरू केलं.

वासूचं गाऱ्हाणं आखूड असतं, अशी त्याची ख्यातीच आहे. वनिता असताना ती आतून ओरडायची, "देवीक तरी मातशें आयकूं दी." त्या दिवशी मात्र वासूने सातेरीला हाक मारली, मग शेजारच्या गावांच्या देवांना, मग खाडीच्या राखणदाराला, मिठागराच्या राखणदाराला, चारी शिवेवरच्या ज्याला त्याला. आबांच्या आजोबा-पणजोबांची नावं घेतली. ते आमदार कधी झाले, खासदार कधी झाले, दिल्लीत कुठल्या समितीवर गेले, तेही देवीला सांगितलं. प्रत्येक वाक्याला आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. आबाही म्हणत होते. सुरुवातीला त्यांना बरं वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

मग वासूने पाकळ्या लावल्या. पाकळ्या पाण्यात बुडवून लावतात. वासूचा हात तांब्याकडे गेला नाही, गंधाच्या वाटीकडे गेला. मी तीन हातांवर होतो, मला नीट दिसलं. दाट गंधाने चिकटलेली पाकळी गंध पूर्ण सुकेपर्यंत सुटत नाही. कुठली सुटेल ते देवीच्या हातात, पण केव्हा सुटेल ते थोडंसं गुरवाच्या हातात असतं. मी वासूकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"बसा, आबा," तो म्हणाला. "देवी दितली तेन्ना दितली."

आबा बसले. मी दारातून बाहेर पाहत होतो. होडीचा दोर आधी सैल झाला. मग काठाजवळचे दगड दिसू लागले. एक कार्यकर्ता घड्याळ पाहून कुजबुजला, आबांनी त्याला हाताने गप्प केलं. त्यांची नजर पाषाणावरून हलत नव्हती. कपाळावर घाम आला होता. होडी एका कुशीवर कलंडली तेव्हा तो कार्यकर्ता उठून बाहेर गेला आणि धावत परत आला. पण आबांना उठता येत नव्हतं आणि अर्ज देवीच्या पायाशी होता.

पाकळी पडली. उजवी.

"देवीन दिलो," वासू मोठ्याने म्हणाला. बापासारखाच, सगळ्या देवळाला ऐकू जाईल असा. "उजवो."

आबा रडले. खरंच रडले, मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. पाषाणासमोर डोकं टेकून म्हणाले, "इतलीं वर्सां राग धरलो गे माये म्हजेर." राग कोणी कोणावर धरला होता हे त्यांना त्या क्षणीसुद्धा उमगलं नव्हतं. मग पाकळी रुमालात घेतली, अर्ज छातीशी धरला आणि काठावर आले.

खाडीत पाणी नव्हतं. पार कोरगावच्या बांधापर्यंत काळा चिखल पसरला होता, त्यात बगळे उतरले होते. पलीकडे माडाखाली त्यांची पांढरी गाडी उभी होती, ड्रायव्हर हात हलवत होता. एक कार्यकर्ता अर्ज घेऊन चिखलात उतरायला निघाला. चौथ्या पावलाला मांडीपर्यंत गेला, त्याला काठी टाकून ओढून काढावं लागलं. चपला आतच राहिल्या. आबांनी काठावर उभ्या असलेल्या आमच्या माणसांकडे पाहिलं. वाट त्या सगळ्यांना माहीत होती. कोणी बगळ्यांकडे पाहत होतं, कोणी आपल्या पायांकडे.

"आबांक कदेल हाडा," वासू म्हणाला. कोणीतरी खुर्ची आणली. आबा बसले.

थोड्या वेळाने ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "वासू, चार जाणांनी उखलून व्हेलो जाल्यार?"

वासू त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "व्हरूं येता," तो म्हणाला. "हेच कदेलीर वनिताक व्हेल्ली. अर्द्या वाटेर गेली ती."

आबांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर होते. ते त्यांनी उचलून मांडीवर घेतले. दोघीतिघी बायका येऊन पाहून गेल्या. कोणी त्यांना वाईट बोललं नाही. ऊन वर आलं तशी एकाने छत्री आणून त्यांच्या डोक्यावर धरली, चहाचा कप दिला. त्यांनी चहा घेतला. तीन वाजून गेले ते सगळ्यांना कळलं, कारण पलीकडचा ड्रायव्हर गाडीच्या सावलीत जाऊन आडवा झाला.

मी वासूला बाजूला घेऊन म्हटलं, "गंध."

"देवीचें देवीन केलें," तो म्हणाला. "म्हजें हांवें केलें."

भरती आली तेव्हा वासूने स्वतः होडी पाण्यात लोटली, आबांना हात देऊन बसवलं आणि पलीकडे नेऊन तशाच हाताने उतरवलं. अर्जाची पिशवी विसरली होती, तीही मागाहून नेऊन दिली. आबा गाडीत शिरताना मागे वळले नाहीत. पाठ दिसली, मानेवरचे केस मुळापर्यंत पांढरे झालेले दिसले, मग दार लागलं. ते माझं त्यांना शेवटचं पाहणं.

सूड घेतल्यावर मन रितं होतं, असं मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं. त्या संध्याकाळी मी घरी गेलो, पाय धुतले, पोटभर जेवलो आणि कितीतरी वर्षांनी शांत झोपलो.